शेजघर थोर दिसू लागले त्याची हकिकत

श्रीगजानन समर्थ. ज्यांचे उदर थोर आणि वाहन चिमुकले असोन, वाहन थोर दिसावे म्हणोन ज्यांणी कधी काडीची खटपट केली नाही, त्यांचे चरणी मस्तक ठेवोन लिहितो. शके सत्राशे पांच, शोभननाम संवत्सर, चैत्रमास, ते समयी एके राज्यी दौलतजीराजे गादीवर होते. राज्याचे नांव लिहीत नाही. लिहिल्यास तेथील लोक लाजतील. राज्य लहान होते. एके शिवेवर कोणी शिंकले तर दुसरे शिवेवरचा माणूस शतायुषी हो म्हणे, ऐसा विस्तार. परंतु महाराजांचा डौल मोठा होता, आणि तो डौल राज्यात मावत नसे म्हणोन नेहमी कोणाच्या तरी अंगावर सांडत असे. बहुतकरोन राणीसाहेब मथुराबाई यांच्या अंगावर सांडे, आणि त्या पदर झटकोन पुढील कामास लागत.

मथुराबाईसाहेबांचे शेजघर म्हणजे एक खिडकी, एक दार. मध्ये माहेराहून आलेला शिसवी पलंग, वर तुळईस लोखंडी कडी, आणि कडीस महाराजांच्या घरचा पिढीजात पाळणा. पाळण्याच्या चारी कोपऱ्यांस चार लाकडी पोपट कोरिले होते, त्यांतील एकाची चोच बाईसाहेबांच्या लेकीने दात येते समयी कुरतडोन बोथट केली होती. उरली जागा पेट्यांनी व्यापिली होती. या पेट्यांचे वर्तमान सांगितल्यावाचून पुढील काही उमजणार नाही. त्या राज्याची रीत ऐसी की, आहेर आला की तो नेसावयाचा नाही, पांघरावयाचा नाही, घडी मोडावयाची नाही. पेटीत घालावयाचा, आणि पुढे दुसऱ्याचे घरी कार्य निघाले की तोच द्यावयाचा. एक अंजिरी शेला तर गांवोगांव इतका फिरला की राज्याच्या सगळ्या वाटा त्यास ठाऊक होत्या, परंतु खांदा कसा असतो हे ठाऊक नव्हते. ऐशा शेल्या-पागोट्यांच्या, खणांच्या आणि समयांच्या पेट्या तीन भिंतींस छतापावेतो लागल्या होत्या, आणि त्यांस हात लावणे म्हणजे राज्याच्या अब्रूस हात लावणे, ऐसे महाराज मानीत.

ऐसे असता चैत्र शुद्ध पंचमीस लेकीच्या सासरहून सांडणीस्वार आला आणि वर्तमान सांगता जाहला की, कन्या चिमाबाई यांस दिवस गेले असोन सातवा सरत आला, पहिलटकरीण आहेत, रीतीप्रमाणे बाळंतपणास माहेरी येतात. बाईसाहेबांस ही एकच लेक. तीही याच खोलीत, याच पलंगावर जन्मली होती. बाईंचे डोळे भरोन आले, आणि मग त्यांणी त्याच क्षणी मनात सगळी मांडणी केली: बाळंतिणीची बाज येथे, शेगडी तेथे, सुईण दारापाशी, पाळणा वर आहेच, आणि आपण पायथ्याशी. लेकीचे बाळंतपण आपल्या नजरेखाली व्हावे, याखेरीज त्या बाईस देवापाशी मागावयाचे उरले नव्हते. मग त्या महाराजांकडे गेल्या आणि बोलिल्या, "पेट्या तेवढ्या पडवीत हलवाव्या. बाज टाकण्यापुरती जागा झाली म्हणजे पुरे."

महाराज मिशीस पीळ देत होते. म्हणाले, "पेट्या पडवीत? व्याह्यांकडील माणसे चिमाबाईसोबत येणार. ती पेट्या पडवीत पाहतील, मग शेजघर पाहतील, आणि म्हणतील, एवढेसे शेजघर! व्याह्यांचे राज्य थोर आहे, राणीसाहेब. आम्हांस खाली मान घालावी लागेल."

"मान घालावयास तरी जागा हवी ना," बाईसाहेब बोलिल्या. परंतु महाराजांनी ते ऐकिले नाही, कारण ऐकणे हा त्यांचा प्रांत नव्हता.

मग महाराजांनी लखमोजी शोभानवीस म्हणोन एक गृहस्थ बोलाविले. हे दरबारोदरबारी हिंडोन लोकांची घरे सजवीत, आणि यांचे स्वतःचे घर कोणी पाहिले नव्हते. लखमोजी आले आणि एक डोळा मिटोन शेजघराकडे पाहते जाहले, मग दुसरा मिटोन पाहते जाहले, आणि मग दोन्ही मिटोन उभे राहिले, आणि तेव्हां त्यांस सर्व स्पष्ट दिसले. म्हणाले, "सरकार, खोली लहान नाही. लहान दिसते, इतकेच. दिसण्याचा बंदोबस्त करू."

"वाहवा!" महाराज म्हणाले. "आणि पेट्या?"

"पेट्या जागच्या जागी. त्यांचेपुढे आरसे उभे करू. जितकी खोली आहे तितकी आरशात आणखी दिसेल. तीन भिंती, तीन खोल्या. सरकारांचे राज्य बसल्या जागी वाढेल."

हे शेवटचे वाक्य ऐकिल्यावर महाराजांस दुसरे काही ऐकू येईनासे जाहले. आजवर लढाई करोन जे साधले नाही ते चुना आणि काच यांणी साधत असेल तर कोणता राजा नको म्हणेल?

मग कामास आरंभ जाहला. पेट्यांमागे न दडलेल्या एका भिंतीस पांढरा चुना दिधला, आणि वर निळ्या उभ्या रेघा ओढिल्या, म्हणजे छत उंच दिसावे. टीचभर खिडकीस छतापासोन भुईपावेतो पडदा सोडिला, म्हणजे खिडकी थोर आहे ऐसे वाटावे. वारा मात्र येईनासा जाहला. शिसवी पलंग लखमोजींच्या डोळ्यांत सलू लागला. म्हणाले, नजर याजवर अडते. त्याचे जागी बारीक पायांचा, बुटका, आखूड मंचक आणिला. महाराज त्यावर निजोन पाहते जाहले तो गुडघ्यांपुढील सर्व महाराज बाहेर. "पाय आखडोन घ्यावे, सरकार," लखमोजी म्हणाले, "आखडलेल्या पायांनी खोली लांब दिसते." आणि महाराजांनी पाय आखडोन घेतले.

आरशांस चौकटी हव्या होत्या. लखमोजी म्हणाले, नवे लाकूड पिळवटते, जुने मुरलेले शिसव पाहिजे. मंचक आला आणि चौकटी जाहल्या, त्या दिवशी बाईसाहेब लेकीसाठी कुलस्वामिनीची ओटी भरावयास डोंगरावर गेल्या होत्या. परत येतात तो शेजघरात भुसा पडिला होता आणि पलंग नव्हता, पाळणा नव्हता, तुळईची कडीही नव्हती. कडीने नजर खाली ओढली जाते म्हणोन ती उपटिली होती. बाईसाहेब दारातच खाली बसल्या. महाराज आले आणि म्हणाले, "राणीसाहेब, डोळे का पुसता? पाळणा काय, नवा करवू. परंतु ऐसी चौकट पुन्हा होणे नाही."

"त्या पाळण्यात आपणही निजला होता," बाई बोलिल्या.

"म्हणोन तर आरशात लाविला," महाराज म्हणाले. बुद्धी वाटिली जात असता हे कोठे गेले होते ते बखरकारास ठाऊक नाही.

आरसे उभे जाहले. कारभारी पाहावयास आले तो त्यांणी आरशातील महाराजांस लवोन मुजरा केला आणि खऱ्या महाराजांकडे पाठ केली. महाराज संतोषले, कारण आरशात मुजरे शेकडो दिसले. गांवातील थोर थोर लोक उंबऱ्याशी उभे राहोन अहाहा करोन गेले. आत कोणी गेला नाही, कारण आत जावयास वाट नव्हती. आरसे सरळ उभे राहावे म्हणोन पेट्या आणि काच यांमध्ये टेकू दिले होते, तेणेकरोन होती तीही जागा गेली होती. परंतु जागा गेली हे दिसत नव्हते, आणि जे दिसत नव्हते ते त्या दरबारात नव्हतेच.

मग चिमाबाई आल्या. पालखीतोन उतरल्या, पाय सुजले होते, तोंड उतरले होते. सोबत चुलतसासू येसाबाई, थोरल्या घरची आणि थोड्या शब्दांची बाई. महाराजांनी दोघींस विसांवाही घेऊ दिधला नाही. पहिले शेजघर दाखविले. येसाबाई उंबऱ्यावरोन बोलिल्या, "केवढे हे शेजघर!" महाराज फुगले. मग येसाबाई एक पाऊल आत गेल्या आणि कपाळ काचेवर आपटोन मागे आल्या. उंबऱ्यावर कपाळ चोळीत राहिल्या.

चिमाबाई मंचक आणि आरसा यांच्या फटीतोन शिरू गेल्या, तो पोट अडले. आडव्या होऊन पाहिले, तरी अडले. चोहोंकडे शेकडो चिमाबाई अडकोन उभ्या दिसू लागल्या. "आईसाहेब," ती म्हणाली, "मी निजू कोठे?"

"बाळ," महाराज मध्येच म्हणाले, "जिकडे पाहशील तिकडे जागा!"

"पाहावयास आहे, आबासाहेब. माझी बाज कोठे टाकणार? आणि माझा पाळणा कोठे आहे?"

 मग तिचेच लक्ष चौकटीच्या कोपऱ्याकडे गेले. तेथे बोथट चोचीचा पोपट उलटा बसविला होता. तिने त्यावर बोट ठेविले, आणि मग ती रडू लागली, आणि आरशांतील सगळ्या रडू लागल्या. मथुराबाईसाहेबांच्या काळजाचे पाणी जाहले. त्या महाराजांस म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता आरसे काढा. पेट्या काढा. माझी लेक उभी आहे."

"व्याह्यांची माणसे गेली म्हणजे पाहू," महाराज हळूच बोलिले. "त्यांणी नुकतेच थोर म्हटले आहे."

येसाबाईंनी हे ऐकिले. म्हणाल्या, "आमच्या येथे जागा आहे. फारशी दिसत नाही, पण आहे. चल, चिमे." आणि त्या मुलीस धरोन पालखीकडे निघाल्या. तेव्हां मात्र महाराज घाबरले आणि ओरडले, "अरे, आहेर! व्याहीणबाई रित्या हाताने निघाल्या, पेट्या उघडा!" मग सगळे पेट्यांकडे धावले, तो पुढे आरसे. आरसा हलवावा तर टेकू सुटतो, टेकू सुटला तर काच फुटते, आणि लखमोजी दोन्ही हात पसरोन आडवे उभे. ज्या आहेरासाठी पेट्या जपिल्या तो आहेर त्या दिवशी कोणास काढिता आला नाही.

बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातोन तांदूळ आणि नारळ आणोन दोघींची ओटी भरिली, आपल्या खांद्यावरील शाल लेकीच्या खांद्यावर घातली, आणि मग आपणही पालखीत पाय ठेविला. महाराज म्हणाले, "हे काय? लेकीस मूल होईतो आई तिचे घरचे पाणीही पीत नाही. लोक काय म्हणतील?"

"मी पाणीही पिईन आणि जेवीनही," बाई बोलिल्या. "लोकांस एक आरसा द्यावा, तिकडे पाहत बसतील."

पुढे सासरी चिमाबाईस कन्या जाहली. खोली साधी, धुरीने काळवंडलेली, बायकांनी भरलेली, आणि बाईसाहेब पायथ्याशी. इकडे महाराज उंबऱ्यावरोन मंचकावर चढोन थोर शेजघरात एकटे. खोकले तर चोहोंकडचे महाराज खोकत. बोलावयास मात्र त्यांतील एकही उपयोगाचा नव्हता. मग त्यांणी लखमोजीस बोलावोन आणिले आणि म्हणाले, "ही खोली फार थोर जाहली. निजवत नाही. ती लहान दिसेल ऐसे काही करा."

लखमोजींनी एक डोळा मिटोन पाहिले. म्हणाले, "सोपे आहे, सरकार. मध्ये एक थोर पलंग पाहिजे, वर पाळणा पाहिजे, पायथ्याशी राणीसाहेब पाहिजेत. मग टीचभर जागा उरणार नाही."

"मग आणा," महाराज म्हणाले.

"पलंग आणि पाळणा चौकटीत लागले, सरकार," लखमोजी म्हणाले. "आणि राणीसाहेबांचे काम माझ्या हुन्नरात बसत नाही."

हे वर्तमान बाईसाहेबांस कळले तेव्हां त्यांचे हाती पाळण्याची दोरी होती. त्या हसल्या नाहीत. पाळण्यात पोर निजली आहे की नाही ते वाकोन पाहिले, आणि दोरी ओढीत राहिल्या.

तात्पर्य, दौलतजीराजे यांणी शेजघर थोर केले आणि घर रिकामे केले. आरसे अद्याप उभे आहेत, पेट्या अद्याप मिटल्या आहेत, अंजिरी शेला आत कसर लागोन पडिला आहे. बखर येथे संपली. लहान आहे, थोर दिसावी म्हणोन हीस काही केले नाही.