बिराजदार सरांचं कलम चार

आमच्या बिल्डिंगचे पाण्याचे नियम बिराजदार सरांनी टाकाने लिहिले आहेत. दौतीत बुडवून, वळणदार अक्षरात, आठ घरांसाठी.

"देशाची घटनासुद्धा हातानंच लिहिली होती, मालक," ते मला म्हणाले.

"तिच्यात मोटरचा टाइम नव्हता," मी म्हणालो.

सर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात आणि भाजीवालीलासुद्धा "तुमचा मुद्दा मांडा" म्हणतात. मी तळमजल्यावर. डोक्यावर चादरींचं गाठोडं घेऊन गल्लोगल्ली फिरलो, आज दुकान आहे. कुठलाही सौदा तीन मिनिटांत मिटवतो. सरांनी या नियमांना अकरा महिने लावले!

सोलापुरात पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी ज्याची मोटर आधी लागेल त्याची टाकी भरते. म्हणून गच्चीवर दर रविवारी सभा. कोणी घाई केली की सर म्हणायचे, "देशाला जवळजवळ तीन वर्षं लागली. हजारो दुरुस्त्या आल्या. कोणाचं तोंड धरलं नाही." कोणी भांडायला उठलं तर सर खूशच. "वा! विरोध नोंदवा!"

कलम तीन होतं, पाळी फिरती राहील. मी दुरुस्ती मांडली, पहिला नंबर कायम माझा. इथं नुसत्या बाभळी होत्या तेव्हा पहिला फ्लॅट मी घेतलाय. सरांनी मला तासभर बोलू दिलं, मध्ये स्वतः पाणी आणून दिलं. मग हात वर करायला सांगितले. सात विरुद्ध एक. सातवा हात सरांचा! मी खुर्ची लाथाडून खाली आलो, तो पुन्हा वर गेलो नाही. पाळी पाळली, सही केली नाही.

त्यानंतर दोन वर्षं, पाण्याच्या प्रत्येक दिवशी सर वही घेऊन दारात.

"मालक, तुमची जागा राखून ठेवलीय."

"पहिला नंबर द्या, सही घ्या."

"घटनेत घासाघीस नसते."

"मग तीन वर्षं काय करत होते ते?"

सर खळखळून हसायचे. "घासाघीसच! पण सगळ्यांसमोर."

गेल्या महिन्यात आई गावाकडं, वेळापुरात पडली. मांडीचं हाड मोडलं, तिला इकडं आणलं. पाण्याच्या दिवशी पहाटेच सर दारात, आज वही नव्हती.

"मोटर लावा. पहिला नंबर तुमचा."

"कशाबद्दल?"

"कलम चार. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, त्याचं पाणी आधी."

"मी सही केलेली नाही."

"म्हणून आईंना तहान लागणार नाही?"

आतून आई ओरडली, "कोन हाय रं? आत बोलीव की त्यास्नी!"

संध्याकाळी मीच तिसऱ्या मजल्यावर गेलो. वही उघडली. प्रत्येक कलमाखाली मांडणाऱ्याचं नाव होतं. माझी पडलेली दुरुस्तीही होती, तितक्याच सुरेख अक्षरात. कलम चारखाली सरांच्या बायकोचं नाव. कै. सौ. शांताबाई बिराजदार.

पहिल्या सभेआधीच त्या गेल्या होत्या. शेवटचा उन्हाळा अंथरुणातच काढला. तेव्हा पाणी आलं की माझी मोटर लागायची ती बंद व्हायची नाही, आणि वर थेंब चढायचा नाही. सर खालून घागरी वाहायचे. एकदा जिन्यात मी म्हणालो होतो, "सर, व्यायाम जोरात चाललाय!" ते हसले होते आणि घागर सावरत, मला वाट द्यायला भिंतीला टेकले होते.

एवढ्या रविवारी मी त्यांच्यासमोर भांडलो. हे त्यांनी एकदाही काढलं नाही.

मी सही केली. टाकाची सवय नाही, शाईचा डाग पडला.

"सर, आता दुरुस्ती मांडतो. आईच्या पाळीनंतरचं पहिलं पाणी तिसऱ्या मजल्यावर. घागर मी चढवणार."

सरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"त्याला सभा घ्यावी लागेल."

"घ्या की. किती रविवार लागतील?"

"विरोध मीच करणार आहे," सर म्हणाले. "बरेच लागतील."