सुकलालनानांची गाठ

गळ पाण्यात टाकण्याआधी सुकलालनाना तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, चाखतात. म्हणजे गळापासून वरचा हातभर तंगूस डोळे मिटून ओठांमधून सावकाश ओढून घेतात, आमटीत मीठ बरोबर आहे का बघावं तसा चेहरा करून. बोटांना जे खुपत नाही ते ओठांना खुपतं, असं त्यांचं म्हणणं. मग गाठीवरून नख फिरवतात. मग गळ चपलेच्या अंगठ्यात अडकवून जोर लावून ओढतात. एवढं सगळं होऊन गाठ पक्की ठरली, की ती दातांनी तोडतात आणि नवी बांधायला घेतात.

"घासायनी व्हई. फिरी बांध," असं स्वतःलाच सांगतात. घासली असेल, पुन्हा बांध. अहिराणीतलं हे एवढं वाक्य मला आता झोपेतही म्हणता येतं, आणि मी अमरावतीचा आहे.

सुरतेत लिंबायतला आम्ही एकाच गल्लीत राहतो. मी इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी घरात दिसलो की बायको माळा साफ करायला लावते, म्हणून नानांबरोबर तापीवर जायला लागलो. मासे धरण्याची मला आवड नव्हती, अजूनही नाही. मी नानांना बघायला जातो.

कॉजवेच्या खाली, जिथवर समुद्राची भरती चढते, तिथल्या दगडांवर आमची बैठक असते. नानांना हवा असतो तो जिताडाच. दुसरं काही लागलं तर त्याची माफी मागितल्यासारखं करून सोडून देतात. जिताडा ताकदीचा मासा, आणि त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला पात्यासारखी धार असते. एका हिसक्यात तंगूस कापून निघून जातो. मग बाकीचे लोक नशिबाला बोल लावतात. नाना म्हणतात, "मासा जात नाही. गाठ जाते."

सकाळी फिरायला येणारे एक गुजराती शेठ रोज विचारतात, "काका, माछली मळी के नहीं?"

"पहेलां गांठ, पछी माछली," नाना त्यांच्याकडे न बघता सांगतात.

एकदा तर आमच्या समोरच जिताड्याने उडी मारली. आजूबाजूच्यांनी पटापट गळ टाकले. नाना गाठीला थुंकी लावत बसले होते. कोरडी गाठ आवळली की तंगूस जळतो म्हणे.

"अहो नाना, टाका ना आता. जाईल तो."

"जाऊ दे. कच्च्या गाठीवर लागला अन् सुटला, तर गळ तोंडात घेऊन फिरेल बिचारा."

मी शेंगदाणे खाल्ले.

हा सगळा यंत्रमागाचा, लूमचा गुण. नाना जन्मभर बीम सांधत आले. लूमवरच्या उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला, की सूत गुंडाळलेल्या नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला जोडायची. समोर त्यांची बायको केवळबाई, म्हणजे आमच्या वहिनी, तारा वेगळ्या करून हातात देणार, हे जोडणार. एक जोड कच्चा राहिला तरी तो कापडात दिसतो. त्यामुळे दुसऱ्याने बांधलेली कुठलीही गाठ नानांना संशयास्पद वाटते. गल्लीच्या गणपतीत मांडवाचा दोर त्यांनी असाच "बघू दे जरा" म्हणून सोडला. वरचा फलक मंडळाच्या सेक्रेटरीच्या डोक्यावर आला. तो ओरडत असताना नाना शांतपणे म्हणाले, "पाहिलं? मी म्हणतच होतो."

गेल्या पावसाळ्यात वहिनींना लकवा मारला. पाय महिन्या-दोन महिन्यांत चालायला लागला, उजवा हात मात्र तसाच राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. वहिनींनी तो खिडकीतून फेकून दिला, मी काय लहान लेकरू आहे का म्हणून. मग नानांनी त्यांच्यापुढे एक गळ आणि तंगुसाचा तुकडा ठेवला. दर रविवारसाठी एक गाठ बांधायची. गाठ बसली, तर नाना तिच्यावरच जिताडा धरणार.

वहिनींनी हे फारच मनावर घेतलं. मालिका बंद झाल्या, दुपारची झोप बंद झाली. वाकडी बोटं डाव्या हाताने सरळ करून करून त्या गाठ घालत बसायच्या. त्यांना हात परत हवा होता, आणि तो परत आला हे फक्त नानांच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि हा माणूस दर रविवारी नदीवरून येऊन उंबऱ्यातूनच सांगायचा, "नही बठनी." नाही बसली.

मला राग यायचा. परतताना एकदा मी म्हणालोच, "एक डाव चांगली झाली म्हणा ना नाना. तुमचं काय जाते? माउली तेवढीच खूश होईल."

नाना म्हणाले, "तिला कच्ची गाठ कळते. मी खोटं बोललो ना, तर ती समजेल की आता याने माझी आशा सोडली."

त्यानंतर मी त्या विषयात तोंड घातलं नाही.

एका रविवारी तर गाठ नखाला टिकली. मी सावरून बसलो. नानांनी तंगूस पुन्हा ओठांतून ओढला, थांबले आणि थुंकले. "राख," ते म्हणाले. सांधणीवाले तार निसटू नये म्हणून बोटांना राख लावतात. वहिनींच्या बोटांना पकड नव्हती, म्हणून त्यांनी देव्हाऱ्यातली अगरबत्तीची राख लावली होती. सुताला ते चालतं. तंगूस राखेने खरडला जातो.

घरी आल्यावर नाना म्हणाले, "राख लाई तू."

वहिनींनी चोरी पकडली गेल्यासारखी मान फिरवली, आणि हसल्या. आजारपणानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तोंड अजून जरा वाकडं होत होतं.

"बिगर राखनी बांध," नाना म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मग होळीनंतरचा एक रविवार आला. नानांनी वहिनींची गाठ काढली. ओठ झाले, नख झालं, चप्पल झाली. मी "घासायनी व्हई"ची वाट बघत होतो. नानांनी गाठ उन्हाकडे धरून बघितली, पुन्हा ओढली. मग तिला दात न लावता गळाला कोळंबी टोचली आणि तो पाण्यात टाकला. इतक्या दिवसांत नानांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

जिताडा लागला तो थेट खोल पाण्याकडे धावला. रीळ किंचाळायला लागलं. त्याने पाण्याबाहेर येऊन तोंड वासून डोकं झटकलं, तेव्हा मी, ज्याला माशाचं काही पडलेलं नाही असा मी, देवाला हाक मारली. नानांच्या कपाळावर घाम होता, पण हात इतके हलके की जणू दुसऱ्या टोकाला मासा नसून ती गाठच होती. शेवटी मी पँटसकट पाण्यात उतरून जाळी खाली घातली. मासा माझ्या हाताएवढा लांब होता.

माणसं जमली, मोबाइल निघाले. शेठ म्हणाले, "काका, आजे तो माछली!" नानांनी मासा बघितलाही नाही. पकडीने गळ सोडवला, गाठीच्या बराच वर तंगूस कापला, गळाच्या टोकाला रबराचा तुकडा खोचला आणि रुमालात गुंडाळून सगळं खिशात ठेवलं.

"चला."

"भरती तर आत्ता चढतेय, नाना."

"चला घरी."

वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी मासा त्यांच्यापुढे धरला. त्यांनीही तो बघितला नाही. त्या नानांकडे बघत होत्या.

"बठनी," नाना म्हणाले.

वहिनींनी उजवा हात पुढे केला. नानांनी त्यावर गळ ठेवला. वहिनींनी गाठीवरून हळूहळू नख फिरवलं. मग तो वीतभर तंगूस ओठांतून ओढून पाहिला, अगदी नानांसारखे डोळे मिटून.

"घासायनी व्हई," त्या म्हणाल्या. "तंगूस आन. फिरी बांधसू." आणि तोडायला गाठ दातांकडे नेली.

नानांनी खाली बसून त्यांची मूठ दोन्ही हातांत झाकून घेतली.

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मी मासा धरून तसाच उभा होतो. मला घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना.