बेदाणा बघायला आलेली सिस्टीम

शेवंती ही संगणकप्रणाली मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता तासगावच्या सावळज रस्त्यावरच्या बेदाण्याच्या कारखान्यात आली आणि गेटवर आपलं नाव सांगून उभी राहिली. कुणाकडे काम आहे, असं पहारेकरी इलाही मुलाणी यांनी विचारलं. "मला जे वापरतात त्यांच्याकडे," ती म्हणाली. मुलाणींनी आतला फोन लावला.

"मगदूम मॅडम, तुमची सिस्टीम आलीय. पाठवू का थांबवू?"

सुनंदा मगदूम कारखान्याचा संगणक विभाग सांभाळायची. विभागात ती एकटीच असल्यामुळे निर्णय तिलाच घ्यावा लागला. "पाठवा," ती म्हणाली.

शेवंती लिनक्सच्या घराण्यातली. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मिळून बांधलेली आणि कुणालाही मोकळेपणाने वापरता येणारी. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र नऊ वर्षं तिच्यावर चालत होतं. सुनंदाने तिला रोज पाहिलं होतं, पण पडद्यावर. प्रत्यक्षात ती जरा ठेंगणी निघाली. सुती कुडता, खांद्याला शबनम, आणि चष्म्याच्या दोन काड्या दोन वेगवेगळ्या रंगांच्या.

"उन्हातनं आलात, पाणी घ्या," सुनंदा म्हणाली.

"पाणीच पाह्यजे होतं मले," शेवंती म्हणाली आणि ग्लास रिकामा करून खाली ठेवताना, "बरा वाटला," असं मालवणी हेलात म्हणाली. सुनंदा बघतच राहिली.

"मला लिहिणारे गावोगावचे आहेत," शेवंतीने खुलासा केला. "कामाचं मात्र सरळ बोलते. तुमच्या यंत्रातल्या हवेच्या नळ्या उघडणारा एक तुकडा माझ्यात आहे. माझी नवी आवृत्ती शुक्रवारी ठरते आहे, आणि त्यातून तो काढून टाकायचं घाटतंय. तो कुणी वापरतं असं आजवर कुणी कळवलंच नाही. खामगावचे एक निवृत्त मास्तर त्याची निगा राखायचे, त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हटलं, काढण्याआधी स्वतः जाऊन विचारावं. हे सदतिसावं ठिकाण."

"आधीच्या छत्तीस ठिकाणी काय म्हणाले?"

"एकतीस ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं. पाच ठिकाणी आत घेतलं, पण म्हणाले, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. आत यंत्रं चालू होती. आवाज माझाच होता."

मार्च महिना होता, हंगाम भरात होता. तो तुकडा गेला तर नव्या आवृत्तीवर प्रतवारीची तिन्ही यंत्रं गप्प बसणार होती, आणि जुन्या आवृत्तीवर फार दिवस काढता येत नाहीत हे तिला माहीत होतं. शिवाय त्या तुकड्याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं आणखी एक होतं. पण ते सांगायचं की नाही, हे तिच्या हातात नव्हतं. ती शेवंतीला घेऊन व्यवस्थापक भूपाल शेटे यांच्याकडे गेली.

शेटे साहेबांनी भेटीचा पास पुढे ओढला. "पुरवठादार आहेत का या?"

"नाही साहेब. आपण यांना कधी ऑर्डर दिलेली नाही."

"मग ग्राहक?"

"ग्राहक म्हणायचं तर आपणच यांचे."

"बिल आल्याशिवाय आपण ग्राहक कसे?" शेट्यांनी पास उलटा करून पाहिला. "तिसरा प्रकार नातेवाईक. अर्धा तास. तुमच्या घरच्या आहेत?"

सुनंदाने खरं काय ते सांगितलं. "घरच्यांपेक्षा जास्त वेळ माझा यांच्याबरोबर जातो."

शेट्यांनी 'नातेवाईक' वर खूण केली.

डोक्यावर जाळीची टोपी चढवून शेवंती प्रतवारीच्या शेडमध्ये शिरली आणि पहिल्याच यंत्रापुढे थबकली. पट्ट्यावरून बेदाणा धबधब्यासारखा खाली पडत होता. कॅमेरा त्याला पाहत होता, आणि फुस्स करून हवेचा झोत नेमका एकच दाणा बाजूला उडवत होता.

"हे मी करते?" तिने विचारलं.

"सेकंदाला नऊशे दाणे," सुनंदा म्हणाली.

"मला हे फक्त आकडे म्हणून माहीत होते." तिने उडवलेल्यांतला एक दाणा उचलून उजेडात धरला. "याला मी का काढलं?"

"काळा आहे."

शेवंतीने तो तोंडात टाकला. "गोड आहे की."

"गोडच असतो. निर्यातीला चालत नाही."

शेवंतीने आणखी एक काळा दाणा उचलला. मग तिने, आपण देठ कसा ओळखतो, हिरवा आणि पिवळा वेगळा का पडतो, धूळ बसली तर आपण काय करतो, असं एकेक विचारायला सुरुवात केली. सुनंदा सांगत गेली. नऊ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला एवढं माहीत आहे याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

यंत्राच्या तोंडाशी हाताने निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या राजाक्का पाहुणी कोण ते ऐकून तरातरा उठून आल्या.

"तुमीच का त्या? बरं झालं गावलात. ह्ये बघा, पडद्यावर चालूचं बटन आन् बंदचं बटन शेजारी शेजारी. हातमोजं घातलं की बोट दोन्हीवर पडतंय. दिसातनं चारदा यंत्र बंद पडतंय आन् बोलणी आमाला बसत्यात."

शेवंतीने शबनममधून वही काढली. "कधी सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? तुमी कुठं भेटताय?"

शेवंतीने ते वाक्यही लिहून घेतलं.

अर्धा तास संपला म्हणून शेटे साहेब स्वतः पाहायला आले, तेव्हा दोघी सुनंदाच्या टेबलापाशी होत्या. सुनंदाने त्यांना बसायला सांगितलं. "साहेब, त्या अकरा ओळी यांना दाखवू का?"

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो तुकडा बिघडला होता. दमट हवेत झोत जरा उशिरा सुटायचा, काळा दाणा निसटायचा आणि त्याच्या मागचा चांगला उडायचा. सुनंदाने तीन आठवडे डोकं लावून अकरा ओळींत तो दोष काढला. ही दुरुस्ती शेवंतीच्या मंडळींना पाठवावी, असा अर्ज तिने केला होता. आपण शोधलेलं बाहेर का द्यायचं, असा शेरा मारून शेट्यांनी तो परत केला. तेव्हापासून दर नव्या आवृत्तीत सुनंदा त्या ओळी पुन्हा हाताने बसवत होती, आणि दर खेपेला यंत्रं दोन दिवस थांबत होती.

"दाखवा," शेटे म्हणाले. "दाखवायला हरकत नाही."

शेवंतीने ओळी वाचल्या. वाचता वाचता तिचा हात आपोआप डाव्या बरगडीवर गेला. "इथे," ती हळूच म्हणाली. "पावसाळा लागला की इथे चमक निघते. वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात निघते, भंडाऱ्याला भाताच्या गिरणीत निघते. इथे तासगावात मात्र चार वर्षं दुखलं नाही. का, ते कळत नव्हतं."

"मग तुमच्यातच आहे की ते. घेऊन जा," सुनंदा म्हणाली.

"इथल्या माझ्यात आहे. दिल्याशिवाय नेता येत नाही."

शेट्यांनी घसा साफ केला. "हे तुम्हाला दिलं तर वासुंब्याच्या लाडांनाही मिळणार. त्यांचा कारखाना आमच्यापासून चार मैलांवर आहे."

"मिळणार," शेवंती म्हणाली. "त्यांचं तुम्हाला मिळालंय तसंच."

"आम्हाला काय मिळालंय?"

"कॅमेऱ्याला हिरवा आणि पिवळा वेगळा दिसतो, तो भाग लाडांच्या पोरीने लिहिलाय. तीन वर्षं झाली."

शेडमधून फुस्स फुस्स ऐकू येत होतं. हिरव्या मालाच्या पेट्यांवर तीन वर्षं शेटे आपल्याच कारखान्याच्या नावाचं लेबल लावत आले होते.

"त्यांनी का दिलं?" त्यांनी शेवटी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"दर वेळी पुन्हा बसवायचा कंटाळा आला, असं म्हणाली."

शेट्यांनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी आपल्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या मालाचं पुस्तक आणलं, आणि 'तपशील' या रकान्यात 'ओळी, अकरा नग' असं लिहिलं.

"परत येणार की कायमच्या जाणार?" त्यांनी पेन थांबवून विचारलं. "दोन्हींचा कागद वेगळा आहे."

"दर सहा महिन्यांनी येतील," शेवंती म्हणाली. "पण अशाच येणार नाहीत. भंडाऱ्याचा कुणीतरी त्यातली एक खोडेल, वेंगुर्ल्याचा दोन वाढवेल."

शेट्यांनी 'परत येणार' वर खूण केली आणि शेऱ्यात 'बदलून' असं लिहिलं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "आणि शुक्रवारी तो तुकडा काढणार ते?"

"मास्तरांच्या जागी कुणी निगा राखणारं मिळालं तर राहील. आठवड्यातले दोन तास पुरतात."

"मी राखेन," सुनंदा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला जाणवलं की परवानगी घ्यायची राहिली. तिने शेट्यांकडे पाहिलं.

"बुधवारी दुपारी," शेटे म्हणाले. "हजेरीत लावा. आणि राजाक्कांच्या बटणांचंही बघा." त्यांनी सही केली. मग जरा घुटमळून म्हणाले, "लाडांची ती मुलगी भेटली, तर आमचं नाव सांगा. म्हणजे, चांगल्या अर्थाने."

सुनंदा शेवंतीला सोडायला रस्त्यापर्यंत गेली. राजाक्कांनी बांधून दिलेली काळ्या दाण्यांची पुडी शेवंतीच्या हातात होती. चालता चालता ती एकेक तोंडात टाकत होती.

"आता कुठे?" सुनंदाने विचारलं.

"वेंगुर्ल्याला. तिथे आत घेतील की नाही, बघायचं."

"नाही घेतलं तर मला फोन करायला सांगा. मी बोलते त्यांच्याशी. दमट हवेचं मला माहितीय."

मिरजेची बस आली. शेवंती चढली, आणि बसायच्या आधी कंडक्टरच्या हातातल्या तिकीट मशीनपुढे वाकून, चष्मा वर करून, त्याच्याकडे निरखून पाहू लागली.

"जरा दाखवता का?" ती म्हणाली. "यात मी आहे का ते बघायचंय."

कंडक्टरने मशीन तिच्यापुढे धरलं. "असाल तर असाल बाई," तो म्हणाला, "पण तिकीट काढावं लागेल."

शेवंतीने मिरजेचं एक मागितलं.