खिडकीबाई रांग मोडत नाहीत

“एकतीस वर्षं खिडकीमागे काढलीत मी! पैसे इकडून तिकडे कसे जातात ते मला कुणी शिकवू नये!”

हे वाक्य खिडकीबाईंनी सकाळी दहा वाजता उच्चारलं. ऐकायला घरात नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि नवऱ्याला ते पाठ होतं. पाणीबिल भरायच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर बाईंनी अख्खी नोकरी काढली होती. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी आजूबाजूच्या गल्ल्या त्यांना खिडकीबाईच म्हणत. त्यांच्या खिडकीपुढची रांग कधी कुणाला मोडता आली नव्हती. एकदा खुद्द त्यांचे साहेब हातात बिल घेऊन बाजूने डोकावले, तर बाईंनी त्यांना सत्तावीस माणसांच्या मागे उभं केलं. पुढच्या महिन्यात बाईंची बढती हुकली. पण ती हकिकत सांगताना त्यांचा चेहरा बढती मिळाल्यासारखाच फुलायचा.

आज काम होतं लेकीचं. लेक नर्स. दूरच्या शहरात नवी नोकरी लागलेली, सोमवारी कामावर हजर व्हायचं, आणि राहायला जागा नाही! तीन आठवडे बिचारी मैत्रिणीकडे जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होती. शेवटी हॉस्पिटलजवळ एक खोली मिळाली. ऊन येणारी, भिंतीला ओल नसलेली आणि तरीही परवडणारी. फक्त घरमालकीण जरा तऱ्हेवाईक होती. कधीकाळी तिचं बँकेशी कडाक्याचं भांडण झालं, तेव्हापासून ती डिपॉझिट फक्त क्रिप्टोमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी पैशांत घ्यायची. मोबाइलमधून मोबाइलमध्ये, मध्ये बँक नको! अट साधी होती. आज संध्याकाळी पाचपर्यंत डिपॉझिट आलं तर खोली लेकीची. नाही आलं, तर मागे एक माणूस थांबला होता, त्याची.

“आई, तुला जमेल ना?” लेकीने फोनवर विचारलं. “नाहीतर मी मैत्रिणीला—”

“मैत्रिणीला कशाला? माझ्याकडे आहेत की क्रिप्टो!”

आणि खरंच होते. तीन नंबरच्या खिडकीवाल्या बाईने निवृत्तीच्या पैशांतून थोडे क्रिप्टो घेतले आणि सगळ्यांना सांगत सुटली. मग चार नंबर मागे राहते होय? बाईंनीही घेतले. वाढले की स्कूटर घ्यायची, असा बेत होता. घेतल्यापासून आजवर त्यातला एक कणसुद्धा त्यांनी कुणाला पाठवला नव्हता, पण ही गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नाही. विचारलंच नाही तिने!

बाईंनी चष्मा पुसला, मोबाइल टेबलावर आडवा ठेवून त्यातलं क्रिप्टोचं पाकीट उघडलं आणि मालकिणीच्या पाकिटाचा लांबलचक पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचून तपासला. रक्कम भरली. मग पडद्यावर प्रश्न आला : शुल्क किती देणार? घाई, मध्यम की सावकाश?

“हे काय?” बाईंनी नवऱ्याला हाक मारली.

नवरा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेला. समोर आलेला कागद स्वल्पविरामासकट वाचल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. त्याने मोबाइल नाकाशी धरला. “जो जास्त शुल्क देईल त्याचे पैसे आधी जातात, असं लिहिलंय.”

“म्हणजे जास्त पैसे चारले की रांगेत पुढे?”

“चारले असं नाही लिहिलेलं.”

“लिहीत नाहीतच! आमच्या कचेरीत तरी कुठे पाटी लावली होती? मी नाही देणार. माझा नंबर लागेल तेव्हा लागेल!”

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या खिडकीबाई कसल्या! ‘सावकाश’चं शुल्कही त्यांना जास्त वाटलं. सेटिंगमध्ये शिरून त्यांनी स्वतःच्या हाताने ते आणखी निम्मं केलं आणि ‘पाठवा’ दाबलं. पडद्यावर एक चाक गरगरू लागलं. खाली अक्षरं आली : ‘प्रलंबित’.

साडेअकराला चाक गरगरतच होतं. एकलाही.

“गेले नाहीत,” बाई म्हणाल्या. “ही बघा शिल्लक, जेवढ्यास तेवढी! पैसे निघालेच नाहीत. मीच नीट दाबलं नसेल.” आणि त्यांनी डिपॉझिट पुन्हा पाठवलं. या वेळी जरा जोरात दाबलं.

दुसरं चाक गरगरू लागलं.

दोन वाजता तिसऱ्यांदा, अंगठ्याने. सव्वादोनला चौथ्यांदा, मोबाइल खिडकीच्या दांडीवर उंच धरून. या तिन्ही वेळा शुल्काकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रागाच्या भरात शुल्काकडे कोण बघतं! त्यामुळे ते मोबाइलने आपल्या मनाने भरलं, आणि चांगलं भरघोस भरलं. शिल्लक मात्र ढिम्म हलली नाही. कोरड्या नळाच्या चाव्या फिरवाव्यात तशी चार चाकं एकाखाली एक फिरत होती आणि पाणी काही येत नव्हतं.

“मदत मागावी का कुणाची?” नवरा हळूच म्हणाला.

“मला मदत लागत नाही,” बाई म्हणाल्या, आणि तो पाणी प्यायला आत गेल्याबरोबर क्रिप्टोवाल्यांच्या एका ग्रुपवर त्यांनी आपली अडचण लिहून टाकली. एका मिनिटात उत्तर हजर!

‘नमस्कार मॅडम. मी अधिकृत मदत अधिकारी. तुमच्या पाकिटाचे बारा गुप्त शब्द पाठवा, लगेच सोडवतो.’

ते शब्द म्हणजे पाकिटाची किल्लीच; दुसरा कुणी नवशिका असता तर तिथेच लुटला गेला असता. पण समोरचा माणूस घाईने काही मागू लागला की बाईंच्या अंगात चार नंबरची खिडकी संचारायची.

‘अधिकृत कशावरून?’ त्यांनी लिहिलं. ‘ओळखपत्र दाखवा.’

त्याने कुठल्याशा टाय घातलेल्या माणसाचा फोटो पाठवला.

‘फोटोवर शिक्का नाही. शिक्का मारून आणा. आणि अर्ज कुठाय?’

‘कसला अर्ज मॅडम?’

‘शब्द मिळण्याबाबतचा. दोन प्रतींत. कारण सविस्तर लिहा. “कामासाठी” असं लिहिलेलं चालणार नाही.’

गडी चिकट निघाला. त्याने खरोखर अर्ज लिहून पाठवला! बाईंनी तो वाचला, तारीख नाही म्हणून परत केला. तारीख घालून आला, तर समास सोडला नाही म्हणून परत केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुमच्या वरिष्ठांची सही?’ त्यावर पलीकडून ‘बाई, तुमचं तुम्ही बघा, मला दुसरी कामं आहेत’ असं उत्तर आलं आणि मदत अधिकारी जो गायब झाला तो कायमचा.

“असे छप्पन पाहिलेत!” बाईंनी टाळी वाजवली. पण अडकलेले पैसे काही टाळीने सुटत नव्हते. घोडं जिथे पेंड खात होतं तिथेच खात उभं होतं.

सव्वाचारला लेकीचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

“आई, मी मालकीणबाईंच्या दारात उभी आहे. पैसे आले नाहीत म्हणतात. तो दुसरा माणूसही येऊन बसलाय. सकाळपासून थांबलाय बिचारा.”

“येतील. रांगेत आहेत.”

“आई, आज पुन्हा सतरंजीवर नको गं. पाठ भरून आलीये माझी.”

बाईंनी फोन ठेवला. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी नवऱ्याला दरडावलं, “बघत काय बसलात? वाचा की ते काय लिहिलंय!”

नवऱ्याने मदतीचं पान आधीच उघडून ठेवलं होतं. तो पहिल्यापासून वाचू लागला. “प्रस्तावना—”

“प्रस्तावना सोडा!”

“बरं. इथे आहे. एका पाकिटातून पाठवलेले पैसे क्रमानेच जातात. पहिले अडकले, की त्यामागचे सगळे अडकतात. पहिल्याचं शुल्क फारच कमी असेल तर ते वाढवावं. ‘वेग वाढवा’ असं बटण आहे, ते दाबलं की झालं.”

“म्हणजे पुन्हा तेच! पैसे चारून पुढे घुसा!”

“अगं, पोरगी दारात उभी आहे.”

“माझ्या रांगेत एका म्हातारबांना भोवळ आली होती, माहितीये? मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, वारा घातला. नंबर दिला नाही! आता स्वतःच्या लेकीसाठी घुसू? ‘रद्द करा’ दाबते मी, सगळंच रद्द.”

“रद्द करायलाही तेवढंच शुल्क पडतं.”

“मागे फिरायचेसुद्धा पैसे?” बाई उठून उभ्या राहिल्या. “ही रांग आहे की दरोडा!”

साडेचार झाले. पावणेपाच झाले. बाईंनी तत्त्व काय असतं ते नवऱ्याला समजावून सांगितलं. साहेबांची आणि सत्तावीस माणसांची हकिकत पुन्हा सांगितली, पण या खेपेला चेहरा काही फुलला नाही. मध्येच त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या लेकीच्या जुन्या पलंगाकडे जात होतं. पोरीला लहानपणापासून मऊ गादीशिवाय झोप येत नसे.

पाचला सहा मिनिटं कमी असताना बाई खुर्चीत बसल्या.

“कुठाय ते बटण?”

“हे. पण थांब, मागच्या तिघांचं काय होतं ते पुढच्या परिच्छेदात—”

“परिच्छेद गेला खड्ड्यात!”

बाईंनी ‘वेग वाढवा’ दाबलं. मोबाइलने पासवर्ड मागितला. चौदा अक्षरी पासवर्ड, तोही एका बोटाने! दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. मग चाक फिरलं, फिरलं, आणि पाच वाजून सात मिनिटांनी तिथे हिरवी खूण उमटली.

“गेले!” बाई ओरडल्या.

लगेच दुसरी हिरवी खूण उमटली. मग तिसरी. मग चौथी.

“हे काय चाललंय?”

“तेच परिच्छेदात आहे,” नवरा शांतपणे म्हणाला. “पहिला सुटला, की मागे खोळंबलेले सगळे एकामागून एक सुटतात. मागच्या तिघांना तू शुल्क भरपूर दिलेलंस. ते फक्त पहिल्यासाठी थांबले होते.”

बाईंनी शिल्लक पाहिली. आता मात्र ती हलली होती. इतकी, की उरलेल्या पैशांत स्कूटरचा आरसासुद्धा आला नसता.

तेवढ्यात फोन वाजला.

“आई! चार डिपॉझिट्स पाठवलीस तू?”

“चुकून गं! परत द्या म्हणावं तीन.”

“परत कसली देतायत! आगाऊ भाडं म्हणून धरलं त्यांनी. अशी पार्टी जन्मात पाहिली नाही म्हणतात. खोली मला दिली!”

“दिली ना? मग झालं तर!” बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं काही हे सगळं सकाळी दहालाच ठरलं होतं.

“पण आई, पाच वाजून गेले होते गं.” लेक घुटमळली. “त्यांनी त्या माणसाला खोली देऊन टाकली होती. किल्ली त्याच्या हातात होती. तुझे पैसे आले आणि त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. मी घेऊ ना?”

नवऱ्याने मान खाली घातली, पण हसण्याने खांदे हलताना दिसत होतेच.

“घे,” बाई शेवटी म्हणाल्या. “गादी बघून घे चांगली.”

“आणि तो तुझ्याशी बोलायचं म्हणतोय.”

“कोण?”

“तोच. म्हणतो, पाचनंतर नंबर माझा होता. ज्या बाईंनी पैसे टाकून रांग मोडली त्यांना एकच प्रश्न विचारायचाय. देऊ फोन?”

एकतीस वर्षांत कुणाच्याही प्रश्नाला बाई कधी अडखळल्या नव्हत्या. त्यांनी मोबाइल एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला, घसा साफ केला आणि ताठ बसून खणखणीत आवाजात सांगितलं,

“त्याला म्हणावं, जेवणाची सुट्टी आहे!”

“अगं, सव्वापाच वाजलेत,” नवरा पुटपुटला.

“मग चहाची!” बाई ओरडल्या आणि त्यांनी फोन बंद करून टाकला.