सव्वासात फुटांवरची मालिका

'कृष्णविवरातला भाडेकरू' ही विज्ञानमालिका शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शित झाली आणि सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांनी ज्यांनी ती लावली, त्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली. मगदूम काकांची टोपी उडून शोकेसच्या मागे पडली, एका घरात पंख्याचं पातं वाकलं. बाकी जीवितहानी नाही.

आता सांगलीची माणसं काही बुटकी नव्हेत. पण ही मालिका टीव्हीतून निघाली की सोफ्यापर्यंत सरळ यायची आणि ऐन डोक्यापाशी उचल खायची. केसांतून गार झुळूक गेली की समजायचं, एक भाग झाला.

मालिका लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा श्रीरंग उकिडवे याने तिच्यासाठी नऊ वर्षं घासली होती. एरवी तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. तिथेही असलंच काहीतरी वर्गावरून जायचं, पण वर्गाचं छत उंच, त्यामुळे कधी तक्रार आली नव्हती. शनिवारी सकाळी फाटकाशी त्याला शेजारचे मगदूम काका भेटले.

"काय काका, बघितलीत का?"

"बघितली की. डोक्यावरनं गेली रे बाबा. टोपी घेऊन गेली."

"आणि कथा?"

"कथा मागनं आली असंल. मी तोवर शोकेस सरकवत होतो."

श्रीरंगला राग आला नाही. मगदूम काकांना कळावं म्हणून त्याने मालिका लिहिलीच नव्हती. त्याला दुसरं पर्व हवं होतं, आणि त्याहून जास्त हवं होतं ते हे, की बायकोने, सुनीतीने, एकदा तरी 'कळलं' म्हणावं. सुनीती नऊ वर्षं 'छान आहे' म्हणत आली होती. शेजारच्यांच्या मुलाने पेटी वाजवून दाखवली की म्हणतात ना, तसलं छान. श्रीरंग नवरा होता, त्याला ते छान बरोबर ओळखू यायचं.

समीक्षकांनी मात्र मालिका उचलून धरली. प्राध्यापक कोटणीस यांनी तिला साडेचार तारे दिले आणि 'उत्तुंग' असा एका परीक्षणात सहा वेळा उल्लेख केला. श्रीरंगने आभाराचा फोन केला.

"सर, शेवटी भाडेकरू विवर सोडून जातो, ते तुम्हाला पटलं?"

कोटणीसांनी उलट विचारलं, "भाडेकरू होता का त्यात?"

"नावातच आहे, सर."

"हो का? मी आरामखुर्चीत आडवा होतो, त्यामुळे ती फारच वरून गेली. म्हणून तर उत्तुंग म्हटलं."

श्रीरंगने ते परीक्षण तरीही फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. माणूस आहे, चालायचंच.

पुढच्या आठवड्यात मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या प्रेक्षक-उंची विभागातून खासनीस मॅडम आल्या. त्यांनी सुनीतीला सोफ्यावर बसवलं, एक भाग लावला, सुताराची टेप उघडून नीट माप घेतलं.

"सव्वासात फूट. फार होतंय हो सर. दुसऱ्या पर्वासाठी मालिकेचा प्रेक्षकांच्या डोक्याशी काही ना काही संबंध यावा लागतो. थोडी खाली घ्या."

श्रीरंगने मन घट्ट केलं आणि कात्री चालवली. गुरुत्वलहरींची समीकरणं काढली, तशी मालिका चार बोटं खाली आली. 'अवकाशकाल' हा शब्द जिथे जिथे होता तिथून गेला, आणखी वीतभर फरक पडला. भाडेकरूचं त्याच्याच भूतकाळाशी होणारं भांडण गाळताना तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनीतीने पुन्हा बघितली. "छान आहे," ती म्हणाली.

ही छाटलेली मालिका नेमकी हणमंत चौगुल्यांना लागली. चौगुले जिल्ह्याचे व्हॉलीबॉल प्रशिक्षक, उंची सहा फूट पाच इंच, आणि टीव्ही उभ्यानेच बघायची सवय. दुसऱ्या दिवशी मॅडम फेरमोजणीला आलेल्या असतानाच ते दारात हजर झाले.

"सर, तुमची मालिका माझ्या डोक्यात गेलीय! रात्रीपासनं नुसती डोक्यात गेलीय! बायकोवर खेकसलो, पोरांना उगाच मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. काढा आधी ती!"

श्रीरंगला राहवलं नाही. "पण कळली का?"

"कळली म्हणून तर!"

खासनीस मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "बघा सर, अडचण ही आहे. डोक्यावरून गेली की प्रेक्षक गप्प बसतो. डोक्यात गेली की तो दारात येतो. आणखी खाली आणलीत तर अख्खी सांगली दारात येईल."

"अगदी बरोबर," चौगुले म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"मग आता?" सुनीतीने विचारलं.

"एक वाट आहे. कर्त्याची मोजणी. ज्याने मालिका केली त्याने स्वतः समोर बसायचं. त्याच्याही डोक्यावरून गेली, तर कर्ता आणि प्रेक्षक एकाच पातळीवर आहेत असं आम्ही धरतो, दुसरं पर्व मंजूर. नाही गेली, तर त्याने प्रेक्षकांना कमी लेखलं असा अर्थ होतो. मग मालिका बंद."

श्रीरंगला हसूच आलं. "अहो, मी लिहिलीय ती! माझ्या डोक्यावरून कशी जाईल?"

"बरेच जण असंच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

खरं म्हणजे श्रीरंग आजवर मालिकेच्या पुढ्यात कधी बसलाच नव्हता. नऊ वर्षं तो तिच्या मागे होता, आणि मागून सगळं स्वच्छ कळायचं. सुनीतीने त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं.

"हे बघ, नऊ वर्षं गेलीत यात. शहाणपणा करू नकोस. जरा पोक काढून बस, जाऊ दे वरून. तुझं काय जातंय?"

"सरळ बसायचं हं," बाहेरून मॅडमनी सांगितलं. "उकिडवे चालणार नाही."

"ते आमचं आडनाव आहे."

"माहीत आहे सर. नियमही आहे."

श्रीरंग सोफ्यावर बसला. पोक काढणं काही अवघड नव्हतं, कॉलेजात तो तसाच बसायचा. पण सुनीती समोर उभी होती. तिच्या देखत आपलीच मालिका आपल्या डोक्यावरून जावी? त्यापेक्षा बंद पडलेली बरी. त्याने पाठ ताठ केली, मान जिराफासारखी लांबवली आणि छाती पुढे काढली. सुनीतीने कपाळावर हात मारला.

मॅडमनी भाग लावला. भाडेकरू विवराच्या काठावर उभा राहून बोलू लागला. वाक्य न् वाक्य श्रीरंगला पाठ होतं, तो ओठ हलवून बरोबरीने म्हणतही होता. मालिका सोफ्यापर्यंत आली आणि तिने उचल खाल्ली. श्रीरंगने टाचा उचलल्या. बूडही किंचित उचललं, ते नियमात बसत नव्हतं, पण मॅडमनी काणाडोळा केला. आणि मग त्याच्या विरळ केसांतून एक गार झुळूक गेली. भाडेकरू आत्ता काय म्हणाला बरं? विवराचं भाडं भरतो, की विवर त्याला भरतं? असं आपण का लिहिलं होतं? त्याने खूप आठवून पाहिलं. काही म्हणजे काही सुचेना.

मॅडमनी टेप मिटली. "चांगली हातभर वरून गेली. अभिनंदन, सर. दुसरं पर्व मंजूर."

"आता माझं डोकं जरा शांत झालं," चौगुले म्हणाले.

श्रीरंगला आनंद झाला नाही. कानापर्यंत लाल होऊन तो सुनीतीकडे बघत राहिला. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग सैल झाला, आणि मग तिला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

"अरे देवा! आणि मला वाटायचं मी एकटीच ढ! नऊ वर्षं बोलले नाही रे, तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला तरी सांगायचंस."

"तू तरी सांगायचंस!"

ती येऊन त्याच्या शेजारी बसली आणि पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. इतक्या जवळ ती या मालिकेच्या वेळी कधीच बसली नव्हती.

"सरक जरा तिकडे," ती म्हणाली. "सातवा भाग येतोय, तो बराच खालून येतो. मान खाली घाल."

श्रीरंगने मान खाली घातली.