अण्णांचा मानाचा ताप

"मला अँटिबायोटिक दे, नाहीतर माझं काही खरं नाही!" अण्णा पांघरुणातून ओरडले.

मुलगी डॉक्टर, त्यातून स्वतःची लॅब. पण ऐकेल तर शपथ! "आधी रक्त तपासू. जिवाणूंचा संसर्ग असला की रक्तातली ठरावीक प्रथिनं एकदम वाढतात. विषाणूंचा असला तर सहसा तेवढी वाढत नाहीत. आणि विषाणूंवर तुमच्या अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही."

अण्णा चिडले खरे, पण छातीही फुगली. समाचाराला आलेल्या शेजारच्या वकीलसाहेबांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? आपली लेक! वकील, बाही वर करा. मघापासून तुम्हीही खोकताय. हिचा हात किती हलका आहे बघा तरी!"

"अहो, मला साधी सर्दी आहे."

"तुमची साधीच असणार हो. पण करा!"

लेकीनं वकिलांची पाठ तपासली, कपाळाला आठी घातली आणि त्यांचंही रक्त घेतलं.

दुपारी तिचा फोन आला. "अण्णा, एका रिपोर्टात मार्कर, म्हणजे ते प्रथिन, भलताच वाढलाय. जिवाणूच दिसताहेत. ॲडमिट करावं लागेल. मी गाडी घेऊन येते, आणि ते..."

अण्णांनी फोन ठेवूनही दिला. "बघ!" ते बायकोवर कडाडले. "माझा आजार म्हणजे काय ऐरागैरा वाटला?"

बघता बघता भाऊ, मेहुणी, अख्खा जिना गोळा झाला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा चढवला. सगळ्यांची माफी मागितली. बुद्धिबळात आपण चोरून सोंगट्या सरकवायचो, हेही वकिलांच्या गळ्यात पडून कबूल केलं. डोळे पुसत, धापा टाकत वकिलांनीच त्यांची बॅग खाली आणली.

गाडी आली. अण्णा आत जाऊन ऐटीत बसले.

"अण्णा, उतरा," लेक म्हणाली. "तुमचा मार्कर नॉर्मल आहे. साधा विषाणूचा ताप. घरी झोपा, पाणी प्या. वकीलकाका, तुम्ही बसा."

"साधा?" अण्णांनी विचारलं. मग त्यांनी वकिलांकडे पाहिलं. माणूस उभ्या उभ्या थरथरत होता. अण्णा गुपचूप उतरले. "बॅग राहू द्या तुमच्याकडेच. सगळं आहे तिच्यात."

वकिलांना न्यूमोनिया निघाला. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

वकील ठणठणीत होऊन परतले, तेव्हा सगळी बिल्डिंग लेकीचं अभिनंदन करायला लोटली. ती लॅबमध्ये होती. दारात अण्णा उभे होते.

"छे हो, त्यात काय एवढं!" प्रत्येकाचा हात हातात घेत ते विनयानं सांगत होते. "आमच्याकडे हे नेहमीचंच आहे."