दादू तांडेल रस्ता ओलांडतो

दादू तांडेलाला रस्ता ओलांडता येत नव्हता.

हे वाक्य एडवणच्या किनाऱ्यावर कुणी उच्चारलं असतं, तर लोकांनी त्याला उचलून पाण्यात टाकलं असतं. चाळीस वर्षं या माणसानं समुद्रात होडी हाकली. एका वादळात सुकाणू मोडलं, तर म्हणे त्यानं मागे पाण्यात पाय सोडले आणि पायांनीच होडी वळवत घरी आणली. सांगणारा प्रत्येक जण त्या पायांची लांबी वीतभर वाढवतो, पण होडी घरी आली एवढं खरं. असा हा दादू मुलाच्या, म्हणजे हितेशच्या हट्टापायी बोईसरला 'सागरछाया' सोसायटीत राहायला आला. तिथं सागर दिसत नव्हता आणि छायाही पडत नव्हती.

दादूची त्याला हरकत नव्हती. फाटकासमोर वीस फुटी रस्ता, रस्त्यापलीकडे कैलासची चहाची टपरी आणि टपरीच्या बाकावर गप्पा छाटणारे चार म्हातारे. उरलेल्या आयुष्याला एवढं बंदर पुरेसं होतं. पण कारखान्यांकडे जाणारा मोठा रस्ता कुणीतरी खणून ठेवला आणि सगळे टँकर, टेम्पो या गल्लीतून धावायला लागले. एके सकाळी एक टँकर दादूच्या इतक्या जवळून गेला, की वाऱ्यानं त्याच्या डोक्यावरची लाल टोपी उडाली. ती वाणगावला सापडली असं कैलास सांगतो. कैलास चहात पाणी घालतो तसं बोलण्यातही घालतो, पण टोपी परत मिळाली नाही हे नक्की.

त्या दिवसापासून दादू चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून टपरीकडे बघत राही.

"जा की खाली," जमना, त्याची बायको, म्हणाली. "एवढ्या दर्यात गेलात, हा रस्ता काय हाय?"

"लाट एका बाजूनं येते गो," दादू म्हणाला. "हे दोनी बाजूनं येतात."

दोन महिने झाले. दादू जेवेनासा झाला. कुणाशी बोलेना. जमनेनं हे सगळं जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला, धर्माजींना सांगितलं.

धर्माजी मूळचे माहीमचे, केळीच्या बागांचे वाडीवाले. गळ्यात माळ, हातात फाईल. त्यांनी स्पीडब्रेकरसाठी कचेरीत आत्तापर्यंत सोळा अर्ज केले होते. कचेरीनं एकाही अर्जाला नकार दिला नव्हता. नकार द्यायला अर्ज वाचावा लागतो. धर्माजींनी जमनेचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमनाबाई, दादू तांडेल त्या बाकावर बसल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." आणि सतरावा अर्ज लिहिला.

याला मात्र उत्तर आलं. 'सदर ठिकाणी वाहनांच्या वेगाची पाहणी करण्यात येईल. सरासरी वेग ताशी तीस किलोमीटरपेक्षा अधिक आढळल्यास गतिरोधकाचा विचार करता येईल.' धर्माजींनी ते पत्र देवघरात ठेवलं.

आता इथंच सगळं नीट झालं असतं. पण त्याच आठवड्यात जमनेच्या भावानं एडवणहून दोन टोपल्या ओला जवळा पाठवला. ती बारीक कोलंबी, कडक ऊन लागलं की दोन दिवसांत सुकते. जमनेनं ती गच्चीवर पसरली. तासाभरात वास तिसऱ्या मजल्यावर धर्माजींच्या पूजेत येऊन बसला. धर्माजींनी स्वतःच्या हातानं नोटीस लावली : 'गच्चीवर मासळी सुकवण्यास सक्त मनाई.'

"मंग सुकवू कुटं? तुमच्या डोक्यावर?"

"कुठंही सुकवा. सोसायटीच्या हद्दीत नको."

"बरं," जमना म्हणाली. तिनं जुनं जाळं आणलं आणि फाटकाबाहेर निम्म्या रस्त्यावर अंथरलं. त्यावर जवळा पसरला. कडेला स्टूल टाकून, कावळे हाकायची काठी घेऊन बसली. "रस्ता काय सोसायटीचा नाय."

पहिला टेम्पोवाला हॉर्न वाजवत आला. जमनेनं काठी वर केली, पण तो थांबला नाही. एक चाक जवळ्यावरून गेलं. ती चूक त्यानं आयुष्यात पुन्हा केली नाही. तीन दिवस त्याच्या टेम्पोमागे मांजरं धावत होती. चौथ्या दिवशी त्याचा मालकच म्हणाला, एक तर टेम्पो धू, नाही तर नोकरी सोड. ही बातमी कारखान्यांच्या सगळ्या फाटकांवर पोचली. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी येताच गाड्या अशा हळू व्हायच्या, जसं आत कुणी तान्हं मूल झोपलंय.

"धीरे चला भाई," ड्रायव्हर क्लीनरला बजावायचे. "माताजी की मछली है."

पाचव्या दिवशी दादू खाली उतरला. फाटकात उभा राहिला. जाळ्याच्या कडेकडेनं निघाला. एक टँकर मुंगीच्या चालीनं येऊन थांबला आणि दादू पलीकडे पोचला. बाकावरचे चारही म्हातारे उठून उभे राहिले. त्या दिवशी कैलासनं चहात पाणी घातलं नाही, असं ऐकतो.

भावाकडून नव्या टोपल्या येत राहिल्या आणि पुढं हेच रोजचं झालं. दहाच्या ठोक्याला दादू निघायचा. होडीवर नजर समोर ठेवायची सवय, त्यामुळे डावीउजवीकडे बघायचा नाही. सरळ जायचा.

आणि नेमके तेव्हाच कचेरीतून कुंदनसाहेब आले. हातात वेग मोजायचं यंत्र, गळ्यात ओळखपत्र. फाटकाशी खुर्ची टाकून दोन तास बसले आणि धर्माजींना आकडा दाखवला.

"सरासरी आठ."

"आठ?" धर्माजींनी यंत्र उलटं करून बघितलं. "साहेब, इथं टँकर विमानासारखे उडतात हो!"

"उडत असतील. आज तरी चालत होते. बैलगाडी यापेक्षा जोरात जाते. गतिरोधकाची गरज दिसत नाही."

धर्माजी हात जोडून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी या. एकदाच." आणि साहेबांची पाठ वळताच ते जमनेकडे आले.

"जमनाताई," ते म्हणाले. बाईची ताई झाली तेव्हाच जमनेनं ओळखलं, की काहीतरी मोठं मागणं आहे. "जवळा उचला. गच्चीवर घाला."

"आणि तुमची नोटीस?"

धर्माजींनी नोटीस फाडली. माळ डोळ्यांना लावली आणि स्वतः टोपलीचं एक टोक धरून चार मजले चढले. आंघोळ नंतर दोनदा केली.

मंगळवारी रस्ता लख्ख होता. साहेब बसले. शेजारी जमना नुसती बघायला उभी राहिली. पण काठी हातात असायची सवय, ती हातातच होती. लांबून तिची नऊवारी दिसली की टँकर ब्रेक दाबत. एक ड्रायव्हर तर थांबून विचारू लागला, "माताजी, आज मछली नहीं? तबीयत ठीक है ना?"

"सरासरी अकरा," साहेब म्हणाले. दहाच्या ठोक्याला दादू समोरून निवांत टपरीवर गेला, तेही त्यांनी वहीत टिपलं : 'ज्येष्ठ नागरिक न बघता रस्ता ओलांडतात, इतकी सुरक्षितता.'

आता दुसरा कुणी असता तर फाईल बंद करून बसला असता. धर्माजींनी तिसरी तारीख मागून घेतली. साहेबांनी ती दिली, कारण धर्माजी त्यांच्या जीपच्या दारात उभे होते आणि हो म्हटल्याशिवाय दार लागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धर्माजींनी कसलीही कसर ठेवली नाही. सकाळीच फाटकात जमनेला गाठलं. ती भावाकडून आलेली ताज्या जवळ्याची टोपली घेऊन रिक्षातून उतरत होती.

"ताई, टोपली इथंच ठेवा, फाटकाच्या सावलीत. तुम्ही आमच्या घरी जाऊन बसा. आमची मंडळी, माई, चहा करतेय. साहेब जाईपर्यंत खिडकीतसुद्धा यायचं नाही."

"मी काय चोर हाय?"

"तुम्ही स्पीडब्रेकर आहात," धर्माजी म्हणाले. "म्हणूनच लपायचंय."

जमना हसत वर गेली. साहेब खुर्चीवर बसले, टोपली त्यांच्या शेजारी. रस्ता मोकळा, काठी नाही, जाळं नाही. पहिला टेम्पो कोपऱ्यावर जरा दबकला, इकडेतिकडे बघितलं आणि सुसाट सुटला.

"बावन्न!" साहेब म्हणाले.

"बघा!" धर्माजी म्हणाले.

मागून मोटारसायकल. "अठ्ठावन्न!"

"बघा, बघा!" धर्माजींच्या अंगावर काटा आला. इतका आनंद त्यांना सेवानिवृत्तीच्या दिवशी झाला नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावरून पिवळा टँकर वळला. "एकसष्ट!" साहेब ओरडले, आणि धर्माजींनी टाळी वाजवायला हात उचलले ते तसेच राहिले.

दहाचा ठोका पडला होता. हे सगळं सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त दादूला सांगायचं राहून गेलं होतं. तो हात मागे बांधून, नजर टपरीवर ठेवून, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध चालला होता.

"दादू!" धर्माजी किंचाळले. पण चाळीस वर्षं वाऱ्यात काढलेल्या कानांना नुसत्या हाका ऐकू येत नाहीत. टँकरचा हॉर्न वाजला. दादूला वाटलं, नेहमीसारखाच कुणीतरी नमस्कार करतोय. त्यानं मान न वळवता हात वर केला.

कुंदनसाहेबांनी पुढं जे केलं ते कोणत्याही सरकारी नियमात बसत नाही. त्यांनी यंत्र टाकलं, शेजारची टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि आठ किलो ओला जवळा टँकरसमोर रस्त्यावर भिरकावला.

टँकर असा थांबला की मागची चाकं क्षणभर उचलली गेली. दादू आणि टँकर यांच्यात दोन हात अंतर होतं, आणि त्या दोन हातांत सगळा जवळा. चाकाला एक कोलंबी लागली नव्हती.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "क्या साब? आप भी यही धंदा?"

"समोर माणूस दिसत नाही तुला?" साहेब म्हणाले.

"आदमी तो हट जाता है, साब. मछली नहीं हटती."

दादू सावकाश वळला. टँकरकडे त्यानं पाहिलंच नाही. वाकून जवळा बघितला, मग साहेबांना बघितलं.

"असा टाकतात?" तो म्हणाला. "ढीग केलाव सगला. पातल पसरायला पायजे, नायतर कुजंल." आणि चहाला गेला.

साहेब खुर्चीत कोसळले. माईनं खाली येऊन त्यांना पाणी दिलं. धर्माजी जवळ बसून हळूच म्हणाले, "साहेब, एकसष्ट लिहिलंत ना?"

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सागरछायेच्या गच्चीवर सगळ्या रहिवाशांसमोर धर्माजींनी ते वाचून दाखवलं.

'वेगाची पाहणी केली असता तो मर्यादेपेक्षा अधिक आढळला. तथापि, सदर ठिकाणी स्थानिक पद्धतीचा गतिरोधक अगोदरच उपलब्ध असून, ताशी एकसष्ट किलोमीटर वेगातील अवजड वाहन त्यायोगे तत्काळ थांबते, हे खालील सही करणाराने स्वतः तपासले आहे. सबब नवीन गतिरोधकाची आवश्यकता नाही. विद्यमान गतिरोधकाची निगा सोसायटीने राखावी. तो अखंड न आढळल्यास सेक्रेटरी जबाबदार राहतील. पावसाळ्याबाबत स्वतंत्र अर्ज करावा.'

जमना म्हणाली, "म्हंजे काय झालं?"

"म्हणजे," धर्माजींनी पत्र घडी करून फाईलला लावलं, "जवळा रोज पायजे."

जिन्यात नोटीसच्या जागी पाळ्यांचा तक्ता लागला. सोमवारी पहिला मजला, मंगळवारी दुसरा. बुधवार तिसऱ्या मजल्याचा, म्हणजे धर्माजींचा. नाकाला उपरणं बांधून, गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारून ते स्टुलावर बसतात, डाव्या हातानं अठरावा अर्ज लिहितात आणि उजव्या हातानं कावळे हाकतात. परवा एक नवखा मोटारसायकलवाला जोरात आला, तर धर्माजी काठी उगारून गरजले, "हलू! जवला हाय, दिसत नाय?"

इतक्यात दहा वाजले. दादू फाटकातून निघाला. दोन्ही बाजूंना टँकर, टेम्पो, शाळेची बस, सगळं थबकलं. दादू मधोमध आला, उभा राहिला. सावकाश खाली बसला, दोन बोटांत जवळा घेऊन चुरडला, एक दाणा तोंडात टाकला. पाठीमागे चौदा गाड्या उभ्या होत्या आणि एकानंही हॉर्न वाजवला नाही.

"आजून एक ऊन पायजे," दादू म्हणाला.

धर्माजींनी वहीत लिहून घेतलं : आणखी एक ऊन.